तीन विषयांत विखुरलेले शोधनिबंध आणि अर्जातला एकच एच-इंडेक्स

प्रश्न

मी अस्थिरोगतज्ज्ञ. सुरुवातीचे शोधनिबंध शरीररचनाशास्त्रातले, मधले अस्थिभंगावरचे, आणि अलीकडे हाडांच्या कर्करोगाच्या बहुकेंद्री अभ्यासांत सहभाग. पदोन्नतीच्या अर्जात रकाने दोनच: एकूण सायटेशन्स (इतरांनी माझे निबंध किती वेळा उद्धृत केले) आणि एच-इंडेक्स (१० निबंध प्रत्येकी किमान १० वेळा उद्धृत झाले, तर तो १०). माझ्या निम्म्याहून जास्त सायटेशन्स कर्करोगाच्या एकाच निबंधाच्या आहेत. त्याची लेखकयादी पानभर लांब. माझं काम रुग्ण नोंदवणं आणि शस्त्रक्रियेची माहिती भरणं. मांडीच्या हाडाच्या डोक्याला रक्त पुरवणाऱ्या धमनीवरचा निबंध मात्र विच्छेदनापासून लिखाणापर्यंत माझा आहे. त्याला १९ सायटेशन्स. माझं सर्वांत चांगलं काम तेच, असं मला मनापासून वाटतं. हे समितीपुढे कसं मांडू?

उत्तर १

वैद्यकीय ग्रंथालयात मी अशाच नोंदी तयार करते. १९ हा आकडा लहान की मोठा, हे नुसतं पाहून कोणालाही सांगता येणार नाही. शरीररचनाशास्त्रात लिहिणारे कमी आणि जुने निबंधही पुन्हा पुन्हा वाचले जातात, त्यामुळे सायटेशन्स सावकाश पण वर्षानुवर्षं येत राहतात. कर्करोगशास्त्रात लिहिणारे प्रचंड, संदर्भ ताजे. एखादी औषधचाचणी गाजली की थोड्याच काळात शेकडो जमतात. इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे लेखामागे सरासरी सायटेशन्स, तर जर्नलचा असतो, आणि मागच्या दोनच वर्षांतल्या लेखांवर काढलेला. सावकाश चालणाऱ्या विषयाचं तिथे नुकसानच. एच-इंडेक्स मांडणारे भौतिकशास्त्रज्ञ हर्श यांनी २००५ च्या मूळ निबंधातच लिहिलंय की जीवशास्त्रातले आकडे भौतिकशास्त्रापेक्षा चढे असतात. तरी वेगवेगळ्या विषयांचे उमेदवार त्याच एका आकड्याने मोजले जातात, याचा मला खरोखर राग येतो.

तुमच्यासाठी अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेचं आयसाइट हे मोफत साधन उपयोगी पडेल. त्यातला रिलेटिव्ह सायटेशन रेशो (विषयाच्या मानाने सायटेशन्सचं गुणोत्तर) जर्नलच्या नावावरून विषय ठरवत नाही. तुमच्या निबंधासोबत आणखी कोणते निबंध उद्धृत होतात, त्यावरून ठरवतो. १ म्हणजे एनआयएच-अनुदानित निबंधांची मधली पातळी. तीन विषयांत फिरलेल्या माणसाला हे जास्त न्याय देतं. स्कोपस हा शोधनिबंधांचा डेटाबेस मिळत असेल तर त्यातला फील्ड-वेटेड आकडाही घ्या. तो त्याच विषयातल्या, त्याच वर्षाच्या आणि त्याच प्रकारच्या लेखांशी तुलना करतो. सायटेशन्स कुठून आणि कोणत्या तारखेला घेतल्या तेही लिहा. गूगल स्कॉलर प्रबंध आणि प्रीप्रिंटही (तज्ज्ञांच्या तपासणीआधीचे निबंध) धरतं, म्हणून तिथला आकडा बहुधा मोठा दिसतो.

आणि भूमिकेचा रकाना स्वतःहून जोडा. क्रेडिट या पद्धतीत लेखकाच्या कामाचे १४ प्रकार ठरवून दिलेत. त्याच शब्दांत लिहा.

उत्तर २

संख्याशास्त्राच्या बाजूने एवढंच: या गुणोत्तरांची सरासरी काढू नका. तो कर्करोगाचा निबंध सरासरीलाही एकटाच वर ओढेल. प्रत्येक निबंध वेगळा दाखवा, फार तर मध्यक (क्रमाने लावल्यावर मधला येणारा आकडा) द्या. सायटेशन्स वापर मोजतात, आणि वापराची कारणं अनेक असतात. प्रथिनं मोजण्याची पद्धत सांगणारा लाउरी यांचा १९५१ चा निबंध ३ लाखांहून जास्त वेळा उद्धृत झाला, कारण ती पद्धत प्रयोगशाळांना रोज लागायची. लॅन्सेट या वैद्यकीय जर्नलने २०१० मध्ये मागे घेतलेला, एमएमआर लशीचा ऑटिझमशी संबंध सुचवणारा वेकफील्ड यांचा निबंधही उद्धृत होतच राहिला, तोही बऱ्याचदा खोडून काढण्यासाठी.

उत्तर ३

मी निवड समित्यांवर बसतो. तुमच्या जागी मी त्या १९ जणांची यादी काढून पाहीन. उद्धृत करणारे कोण आणि कशासाठी, हे तीन ओळींत कळलं तर मी निबंध उघडून वाचतो. 'डोरा' जाहीरनाम्यावर सही केलेली संस्था असेल तर अर्जात तसा उल्लेख करा. जर्नलच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून माणसाला जोखू नये, हेच त्यात म्हटलंय.

मूळ प्रश्नकर्ता

यादी काढली. बहुतेक जण शरीररचनेचे नाहीत, खुब्याची शस्त्रक्रिया करणारे निघाले! ऑब्च्युरेटर एक्स्टर्नस हा स्नायू शाबूत ठेवला की धमनी वाचते, एवढ्यासाठी त्यांनी माझा निबंध घेतलाय. तक्त्यात ही ओळ सर्वांत वर ठेवतोय. कर्करोगाचा निबंध खाली, 'रुग्णनोंदणी आणि माहिती संकलन' अशा भूमिकेसह. पुनरावलोकन लेखांतून आलेल्या सायटेशन्स वेगळ्या दाखवायच्या का?

उत्तर १

त्याची गरज नाही. तुमचे स्वतःचे पुनरावलोकन लेख मात्र मूळ संशोधनापासून वेगळे ठेवा. त्यांना एरवीच जास्त सायटेशन्स मिळतात.