पडवीत हातभर पाखरू बसलंय, कुणी ओळखेल का?

पडवीवाला: गाव सावंतवाडीजवळ. काल रात्री बाहेरचा बल्ब चालूच राहिला, सकाळी दार उघडलं तर भिंतीवर हे! आधी वाटलं वाळकं पान चिकटलंय. पट्टी लांबून धरली तर या टोकापासून त्या टोकापर्यंत २१ सेमी, खोटं नाही सांगत. रंग विटकरी आणि चारही पंखांवर तिकोनी खिडक्या, त्यातून मागचा चुना दिसतो. फोटो अपलोड होत नाहीये. दुपार झाली तरी हललेलं नाही, बशीत साखरेचं पाणी ठेवलं तर ढुंकूनही बघत नाही. आजारी आहे का? पोरगा म्हणतो विषारी आहे, आजी म्हणते घरात आलेलं पाखरू हाकलायचं नाही.

निशाचर: घुबड पतंग असेल, आमच्याकडे पावसात येतो. मोठे डोळे असतात पंखांवर.

रानवाटा: नाही हो, घुबड पतंग काळपट तपकिरी असतो आणि त्याच्या डोळ्यांतून मागचं काही दिसत नाही. खिडकीतून चुना दिसतोय म्हणजे अ‍ॅटलास पतंगच. तिथे खवलेच नसतात म्हणून आरपार दिसतं. आता पुढच्या पंखाचं टोक बघा, सापाचं डोकं दिसेल, डोळ्यासकट. आपल्या सह्याद्रीत आणि श्रीलंकेत जी जात सापडते तिचं शास्त्रीय नाव अटॅकस टॅप्रोबॅनिस, टॅप्रोबेन हे श्रीलंकेचं जुनं नाव. आणि ती बशी उचला, मुंग्या लागतील. याला खाता येईल असं तोंडच नसतं. जे काय खायचं ते अळी असताना, नंतर त्याच साठ्यावर जेमतेम आठवडा-दोन आठवडे काढायचे. आजारी नाही, दिवसा असाच बसून राहतो. विषारी तर अजिबात नाही. मिशा कशा आहेत, पिसासारख्या रुंद की बारीक? आणि जवळ दालचिनीचं झाड आहे का?

कोसावाला: आमच्या गडचिरोलीकडे याचा भाऊबंद असतो, टसरचा. ऐन, अर्जुनावर कोसा धरतो. पण त्याच्या खिडक्या गोल आणि आकाराने तो लहान. तिकोनी म्हटल्यावर तुमचा अ‍ॅटलासच.

पडवीवाला: बाबो, सापाचं डोकं खरंच आहे, पोरगा आता जवळच येत नाही 😄 मिशा बारीक. दालचिनी पडवीला लागूनच आहे, आत्ता जाऊन शोधलं तर एका फांदीला पानात गुंडाळलेला तपकिरी कोष लटकतोय, वरून फाटलेला!

रानवाटा: मग मादी आहे, तिथूनच निघाली. ती फार उडत नाही, बसल्या जागी गंध सोडते आणि नर खूप लांबून त्या वासावर येतो, त्याच्या त्या रुंद मिशा त्यासाठीच. आज रात्री बल्ब बंद ठेवा, उजेडात दोघंही भरकटतात. भिंतीवर पाल असेल तर कोवळ्या फांदीवर अलगद चढवून झाडावर सोडा, पंखांना बोट लावू नका, खवले निघतात.

पडवीवाला: पाली दोन आहेत, म्हणून संध्याकाळीच झाडावर ठेवली. पहाटे पाचला टॉर्च घेऊन गेलो तर फांदीवर दोन! दुसरा जरा लहान, मिशा कंगव्यासारख्या. आजीला उठवून दाखवलं, तिला म्हणे लहानपणी असली दोनदा दिसली होती, आम्हाला कधी बोलली नाही. बल्ब आज पण बंद.