जुनापाणीची शिळावर्तुळं: वेधशाळा म्हणे!

(मूळ पोस्ट: "नागपूरजवळच्या जुनापाणीची शिळावर्तुळं ही लोहयुगातली वेधशाळा आहे. खळगे कोरलेला दगड बरोबर २१ जूनच्या सूर्योदयाकडे येतो. थडगी म्हणणं आता थांबवा.")

काळीमाती: "बरोबर" म्हणजे किती? १० मीटर व्यासाच्या वर्तुळात ८० सेंटिमीटर रुंदीचा दगड मध्यावरून नऊ अंश व्यापतो. सूर्यबिंब अर्ध्या अंशाचं. असे २० दगड म्हणजे निम्मं क्षितिज झालं. नागपुरात त्या दिवशी सूर्य उत्तरेपासून पूर्वेकडे साधारण ६५ अंशांवर उगवतो, तिथे कुठला तरी दगड सापडणारच! मध्य ३० सेंटिमीटर हुकला तर आणखी तीन अंश गेले. त्यात होकायंत्र दगडाला टेकवून धरलं असेल तर सगळंच मुसळ केरात, बसाल्ट, म्हणजे हा काळा दगड, सुई ओढतो. नागपूरजवळच्याच माहुरझरीच्या वर्तुळांत माणसांसोबत घोड्यांची हाडं आणि तांब्याचा साज निघाला. तो वेध घ्यायला पुरला होता का?

ध्रुवतारा: आकडे ठीक, पण निष्कर्ष घाईचा. खळगे मोजक्याच दगडांवर आहेत. खगोलशास्त्रज्ञ मयंक वाहिया आणि सहकाऱ्यांनी जुनापाणीत मोजलं तेव्हा असे दगड ठरावीक दिशांना जास्त दिसले. दफन आहे म्हणून दिशा पाळलीच नाही, हे कुणी ठरवलं? प्रेताचं डोकं कुठल्या दिशेला ठेवायचं, हे लोक आजही बघतात.

मुरूमबंदी: दगड मूळ जागी आहेत का, ते आधी बघा! कडेचा मुरूम खणला की दगड खड्ड्याकडे कलंडतो. मग कुणीतरी जेसीबीने उचलून "नीट" गोल मांडतं. दगड ज्यात बसवला होता तो खालचा खड्डा बुजला की मूळ जागा कायमची गेली. वर्तुळाच्या मधली माती-दगडांची भरही सुटत नाही, एकोणिसाव्या शतकात रिव्हेट-कार्नॅक या ब्रिटिश अधिकाऱ्यानेच इथली वर्तुळं खणली होती. दिशा मोजायची तर आधी प्रत्येक दगडाचा बुंधा जमिनीत रुतलेला आहे का तपासा. मोकळा असेल तर तो दगड मोजणीतून बाद.

ध्रुवतारा: म्हणजे सगळी मोजणी फुकट? असं सरसकट बोलू नका.

मुरूमबंदी: सरसकट नाही. रुतलेले आणि हललेले दगड वेगळे दाखवा, एवढंच म्हणतोय. आणि फोटोसाठी खळग्यांत खडू, रंग भरणं थांबवा! दगडाच्या रंध्रांत तो राहतो आणि कड खरवडली जाते. अंधारात बाजूने, अगदी खालून टॉर्च मारा. उथळ खळग्यांचीही सावली पडते.

काळीमाती: टॉर्चचं पटलं. ठरावीक दिशांचंही एक वेळ मानतो, पण फक्त रुतलेल्या दगडांपुरतं. वेधशाळा मात्र मुळीच नाही. दिशा पाळून बांधलेलं थडगं म्हणा.

ध्रुवतारा: मग पोस्टमधला "वेधशाळा" शब्द काढायला सांगा, दिशांवर का घसरलात?