पोलो जीटीला रीमॅप करावं की सरळ व्हर्टस घ्यावी?

भाऊ, तुमची फोक्सवॅगनची पोलो जीटी टीएसआय 2015 ची, तिला स्टेज वन रीमॅप, म्हणजे पार्ट न बदलता इंजिनच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवणं, करावं का ती विकून त्याच कंपनीची सेकंडहँड व्हर्टस जीटी घ्यावी असं विचारलंय, तर माझं मत सांगतो, पटलं तर घ्या. पोलोला 105 पीएस पॉवर अन् 175 न्यूटन मीटर टॉर्क (म्हणजे ओढण्याची ताकद), व्हर्टसच्या 1.5 लिटर इंजिनला 150 अन् 250. रीमॅपने टॉर्क वाढतो, झटका पण बसतो, खोटं कशाला बोलू, पण तुमचा तो सात गिअरचा डीएसजी, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, कोरड्या क्लचचा हाय, तो 250 न्यूटन मीटरपर्यंतच्या टॉर्कसाठीच बनवलेला, त्यात आपल्याकडचं मे महिन्याचं ऊन अन् जालना रोडचं ट्रॅफिक, क्लच आधीच तापलेला असतो, वाढलेल्या टॉर्कचा भार त्याच्यावरच पडणार.

मॉडिफिकेशनचा माझाच अनुभव सांगतो, मी स्वतः हौसेनं गाडीची उंची कमी करून घेतली होती, लोअरिंग स्प्रिंग टाकून. बीडकडं जाताना एका गावातल्या बिनारंगाच्या स्पीडब्रेकरवर ऑइल संपच (इंजिनखालची ऑइलची टाकी) फोडला ना राव, टोचन करून आणावी लागली, घरचे अजून हसतात.

अन् समृद्धी महामार्गावर तसंही 120 ची लिमिट हाय, कॅमेरे हायत, जास्तीची पॉवर वापरणार कुठं? आवाजाचा एक्झॉस्ट तर टाकूच नका, दंड बसतो वरून इन्शुरन्सवाले क्लेमच्या वेळी मॉडिफिकेशन शोधतात.

माझं ऐकाल तर आधी चांगले टायर, ब्रेक पॅड अन् नवीन ब्रेक ऑइल टाका, सिमेंटच्या रोडवर टायर लई तापतात. सहा महिने चालवून बघा. तरी मन भरलं नाही तर व्हर्टस बघा, पण सर्व्हिस हिस्ट्री काढल्याशिवाय टोकन देऊ नका.