मदत हवी आहे: डावखुऱ्या मुलीसाठी पॉइंट २२ बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल
नमस्कार मंडळी. २०२४ला पॅरिसमध्ये कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, झोपून आणि उभ्याने नेमबाजी) ब्राँझपदक मिळवलं, तेव्हापासून लेकीने तोच ध्यास घेतलाय. एअर रायफल झाली, आता पॉइंट २२ (०.२२ इंची गोळीची रायफल). पण ती डावखुरी आहे. क्लबची रायफल उजव्या हाताची. प्रत्येक गोळीनंतर बोल्ट (पुढची गोळी भरायचा दांडा) ओढायला डावा हात वरून पलीकडे न्यावा लागतो, गाल चीकपीसवरून (गाल टेकवायच्या पट्टीवरून) सुटतो आणि प्रोनमध्ये (पालथं झोपून) जमवलेली बैठक मोडते. बघवत नाही हो. डाव्या बोल्टची अ‍ॅनशुट्झ १९१३ बघावी की वॉल्थर केके५००? वापरलेली मिळाली तरी चालेल. वजनही बरंच असतं, पोरीला उभ्याने कितपत पेलेल? डावखुऱ्या नेमबाजांनी आणि पालकांनी कृपया अनुभव सांगा. जुनी घेताना बॅरलमध्ये (नळीत) नेमकं काय तपासायचं, तेही लिहा.