विषय: गुरुवारच्या पालक-भेटीला दुभाष्या कोण?

प्रेषक: शाळा-संपर्क ताई
सोमवार, सकाळ

मंडळी,
घाईत लिहितेय. गुरुवारी माध्यमिक शाळेत पालक-शिक्षक भेटी आहेत आणि आपल्या दोन्ही नव्या कुटुंबांना दुभाष्या हवा आहे. ऑफिसात विचारलं तर म्हणाले, तुमच्या मराठी मंडळातलं कोणीतरी येईलच ना? उद्या संध्याकाळपर्यंत नाव द्यायचं आहे. मागच्या वेळेचं सगळ्यांना आठवत असेल. आठवीतला मुलगा स्वतःबद्दलच्या तक्रारी स्वतःच आईला समजावून सांगत होता. ते पुन्हा व्हायला नको. कोण जाऊ शकेल?

प्रेषक: खजिनदार
सोमवार, दुपार

ताई, मला जमणार नाही, आणि आपल्यापैकी कोणी जावं असंही मला वाटत नाही. पालकांशी बोलण्याची सोय करणं हे शाळेचं काम आहे. प्रवेशाच्या फॉर्मचं काय झालं ते आठवा. एका वर्षी मदत म्हणून भरून दिले, आणि आता ऑफिसातले लोक प्रत्येक नव्या कुटुंबाला थेट आपल्याकडे पाठवतात. दुभाष्याचंही तेच होणार. मंडळाच्या नावावर काही कबूल करायचं असेल तर आधी कार्यकारिणीत यावं, लिस्टवर परस्पर ठरू नये.

प्रेषक: नववीतल्या मुलीचे बाबा
सोमवार, रात्र

काका, काम कोणाचं हा वाद नंतर करू. मला वेगळीच काळजी आहे. आम्ही नवीन होतो तेव्हा आपल्यातलेच एक गृहस्थ आमच्याबरोबर भेटीला आले होते. माणूस अगदी सज्जन, स्वतःची रजा टाकून आले. बाई म्हणाल्या, मुलगी वर्गात कोणाशी बोलत नाही, समुपदेशकाला दाखवू या. पुढच्या कार्यक्रमात चार-पाच जणींनी माझ्या बायकोला बाजूला घेऊन विचारलं, मुलगी आता बरी आहे ना? सगळ्यांनी मायेनेच विचारलं. पण त्यानंतर कितीतरी महिने बायकोने शाळेत पाऊल टाकलं नाही आणि मंडळातही नाही. आपण सगळे एकमेकांना ओळखतो, हीच इथली अडचण आहे.

प्रेषक: निवृत्त शिक्षिका (मावशी)
मंगळवार, पहाटे

बाबांनी लिहिलेलं वाचून झोप लागली नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

मुलाला दुभाष्या करायचं नाही, यावर दुमत नसावं. त्याने खरं सांगितलं तरी ओझं त्याच्यावरच पडतं, नाही सांगितलं तरी त्याच्यावरच. त्यातून घरातला क्रम उलटा होतो. आई मुलाकडे बघून शिक्षकांशी बोलते आणि शिक्षकही मुलाकडेच बघून उत्तर देतात.

पण मुलाच्या जागी शेजारच्या काकूंना बसवणं हाही उपाय नव्हे. गुण, वर्तणूक, तब्येत, विशेष मदतीची चाचणी, यातलं काहीही निघणार असेल तर दुभाष्या शाळेनेच द्यावा, गुप्ततेला बांधलेला, आणि शक्यतो आपल्या ओळखीचा नसलेला. फोनवरचा चालतो. अनोळखी आवाज उलट बरा पडतो, आई मोकळेपणाने बोलते.

दुसरी गोष्ट वेळेची. दहा मिनिटांच्या भेटीत प्रत्येक वाक्य दोनदा बोललं जातं, म्हणजे हातात मिनिटं उरतात पाच. त्यातली दोन नमस्कारात आणि बसण्या-उठण्यात जातात. दुप्पट वेळ आधीच मागून घ्या. बहुतेक शिक्षक देतात, पण कोणी मागतच नाही. आणि शिक्षकांना सांगा, पालकांकडे बघून बोला, छोटी वाक्यं बोला, मध्ये थांबा.

माझ्या मते मंडळाचं खरं काम भेटीच्या आधी आणि नंतर आहे. आदल्या दिवशी घरच्यांशी बोलून त्यांना काय विचारायचंय ते त्यांच्याच शब्दांत कागदावर उतरवणं. भेटीनंतर, त्यांना हवं असेल तरच, काय ठरलं ते एकदा उजळून घेणं. आपण कुटुंबाच्या बाजूला उभं राहायचं, कुटुंब आणि शाळेच्या मध्ये नाही.

जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या जॉयस एपस्टीन यांनी शाळा आणि पालकांच्या भागीदारीचे सहा प्रकार मांडले आहेत. पालकत्वाला आधार, संवाद, स्वयंसेवा, घरी शिकणं, निर्णयात सहभाग आणि समाजाशी सहकार्य. त्यातल्या संवादाबद्दल त्या सांगतात की तो दोन्ही बाजूंनी हवा. आपल्या भेटींत तो एकाच बाजूने होतो. शाळा सांगते, पालक मान डोलावतात. मूल रात्री किती वाजता झोपतं, कशाने घाबरतं, कशात रमतं हे आईला विचारलंच जात नाही, आणि ते शिक्षकांना दुसरीकडून कळणार नसतं.

प्रेषक: दुसरीतल्या मुलाची आई
मंगळवार, सकाळ

मावशी, "घरी शिकणं" लिहिलंत म्हणून विचारते. आमच्या शिक्षिका म्हणतात, घरी मराठी बंद करा, शाळेचीच भाषा बोला, म्हणजे तो पुढे जाईल. आम्ही तसं सुरू केलं. आता तो आजीशी बोलतच नाही, आणि वाचन होतं तिथेच आहे. काय करावं?

प्रेषक: रविवारच्या मराठी वर्गाची समन्वयक
मंगळवार, सकाळ

बंद करू नका! दोन भाषांत शिकणाऱ्या मुलांचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ मध्येच मांडलं होतं की दोन भाषांच्या तळाशी समज एकच असते. गोष्टीचा गाभा पकडणं, कारण सांगणं, क्रम लावणं मूल एका भाषेत शिकलं की दुसऱ्या भाषेतही वापरतं. त्यांचं दुसरं निरीक्षण शिक्षकांनाही सांगण्यासारखं आहे. गप्पांपुरती नवी भाषा मुलं साधारण दोन वर्षांत उचलतात, पण धड्यांची, पुस्तकी भाषा समवयस्कांच्या बरोबरीने यायला पाच ते सात वर्षं लागतात. म्हणून मैदानावर फाडफाड बोलणारं मूल विज्ञानाच्या पेपरात अडतं आणि त्यावर आळशी असल्याचा शिक्का बसतो. तुम्ही घरी मराठीत वाचा, मराठीत भांडा, मराठीत हिशोब करा.

आणि मावशी, ती आदल्या दिवशीची तयारी कृपया रविवारच्या वर्गाच्या वेळेत नको. मागे लसीकरणाच्या माहितीसाठी माझा अर्धा तास गेला होता. वर्ग मुलांचा आहे.

प्रेषक: खजिनदार
मंगळवार, दुपार

मावशींचं बहुतेक मान्य. पण आपण शाळेकडून नुसत्या सोयी मागतो, बसायला जागा मागत नाही. भारतात २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने, विनाअनुदानित खासगी शाळा सोडून, शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि एकूण निम्म्या स्त्रिया असं घालून दिलं आहे. अमेरिकेत न्यू हेवनमध्ये येल विद्यापीठातले बालमनोविकारतज्ज्ञ जेम्स कोमर यांनी १९६८ मध्ये दोन शाळांत काम सुरू केलं, तेव्हा नियोजनाच्या गटात पालकांना शिक्षकांच्या बरोबरीने बसवलं. इथे मात्र आपण कार्यक्रमाला माणसं आणि मंच सजवायला हात पुरवतो. भेटी कामाच्या दिवशी भर दुपारी का, हे विचारायला पालक समितीत आपलं कोणी नाही. दोन पाळ्यांत काम करणारी आई येत नाही, आणि शाळेच्या नोंदीत तिला "रस नाही" असं ठरतं. दुभाष्याआधी मला हा मुद्दा हवा आहे.

प्रेषक: कॉलेजातली मुलगी
मंगळवार, दुपार

मी लिस्टवर फारशी लिहीत नाही, पण हे लिहायलाच हवं. शाळेत असताना आईबाबांची दुभाषी मीच होते. मी काही गाळायचे नाही. बाई म्हणाल्या, हिचं गणितात लक्ष नाही, ते मी जसंच्या तसं सांगितलं. मग बाबा म्हणाले, बाईंना सांग, आम्ही कमी पडतोय, आम्हाला हा अभ्यास समजत नाही. तेही मला सांगावं लागलं. बाबांच्या तोंडचं ते वाक्य मला अजून विसरता येत नाही. त्या दिवसापासून मी शाळेतलं काहीच घरी सांगेनाशी झाले. कृपा करून त्या मुलाला खोलीबाहेर बसवा, किंवा विद्यार्थी म्हणून आत घ्या आणि त्याला त्याचं म्हणणं मांडू द्या. दुसऱ्यांचं बोलणं त्याच्या तोंडी नको.

प्रेषक: नववीतल्या मुलीचे बाबा
मंगळवार, संध्याकाळ

बाळा, बरं झालं लिहिलंस. आणि अभ्यास समजत नाही म्हणून कोणी आईबाप कमी ठरत नाहीत. नॅन्सी हिल आणि डायना टायसन या संशोधकांनी २००९ मध्ये माध्यमिक वयाच्या मुलांवरचे पन्नास अभ्यास एकत्र तपासले. गृहपाठात पालकांनी केलेल्या मदतीचा यशाशी चांगला संबंध त्यांना दिसला नाही. सर्वांत घट्ट संबंध दिसला तो शिक्षण कशासाठी, पुढे काय करायचं, तुझ्याकडून आमची अपेक्षा काय, या घरातल्या बोलण्याचा. ते बोलणं कुठल्याही भाषेत होतं. तुझ्या बाबांना हे कोणीतरी तेव्हा सांगायला हवं होतं.

प्रेषक: शाळा-संपर्क ताई
मंगळवार, रात्र

आत्ताच ऑफिसशी बोलणं झालं. शाळेकडे फोनवरच्या दुभाष्याची सोय आहे! पण प्रवेशाच्या फॉर्मवर "घरची भाषा" या रकान्यात जे लिहिलेलं असतं, त्यावरूनच ती मिळते. दोन्ही कुटुंबांनी तिथे शाळेचीच भाषा लिहिली आहे. कारण विचारलं, तर मराठी लिहिलं की मुलांना वेगळ्या वर्गात बसवतात असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. ऑफिस म्हणतं, नुसत्या त्या रकान्यावरून वर्ग ठरत नाही, आधी भाषेची चाचणी होते. मग मदतीचा तास लागला तर त्याची माहिती पालकांना मिळते आणि त्यावर प्रश्न विचारता येतात. ही भीती आणखी किती घरांत असेल कोण जाणे. फॉर्म भरून देणारे आपणच होतो, तेव्हा हा रकाना प्रत्येक घराबरोबर बसून पुन्हा बघायला हवा.

गुरुवारपुरतं असं: एका कुटुंबाने आज दुरुस्तीचा अर्ज दिला, त्यांना फोनवरचा दुभाष्या आणि वीस मिनिटं मिळाली. दुसरं घर अजून विचार करतंय, त्यांच्यावर कोणी दबाव आणू नये. मी शाळेला मंडळातलं कोणाचंही नाव दिलेलं नाही. मावशी, बुधवारी संध्याकाळी अर्ज दिलेल्या कुटुंबाच्या घरी प्रश्न लिहून घ्यायला येता का?

प्रेषक: निवृत्त शिक्षिका (मावशी)
मंगळवार, रात्र

येते. त्या आईला आधी विचार, मी आलेलं चालेल का.

प्रेषक: खजिनदार
बुधवार, सकाळ

रकान्याचं काम मंडळाच्या नावावर करायला माझी हरकत नाही. भेटींची वेळ आणि पालक समितीतली जागा हे दोन विषय पुढच्या कार्यकारिणीत घेतोय. ज्यांना कामामुळे दुपारी शाळेत जाता येत नाही त्यांनी मला एकट्याला लिहा, लिस्टवर नको. नावं न देता संख्या मुख्याध्यापकांपुढे ठेवतो.