फेरिटिनचा आकडा तापात फसवतो

कोथरूडच्या ताईंनी विचारलंय, दीड वर्षाच्या मुलाला तापात झटका आला, आता रक्ताच्या सगळ्या चाचण्या केल्या तर पुन्हा येणार का ते कळेल का? आधीच्या प्रतिसादांत फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारं रक्तातलं प्रथिन), झिंक, सीआरपी (शरीरात दाह किंवा जंतुसंसर्ग आहे का ते दाखवणारी चाचणी) अशी चाचण्यांची यादी आलीच आहे. त्यात थोडी भर.

शरीरातलं लोह कमी असणं आणि तापातले झटके यांचा संबंध बऱ्याच अभ्यासांत दिसलाय, आपल्याकडच्याही. पण फेरिटिन तापात, जंतुसंसर्गात आपोआप वाढतं. म्हणजे ऐन तापात ते 'नॉर्मल' आलं तरी लोह पुरेसं आहे असं म्हणता येत नाही. उलट तापातही कमी आलं, तर कमतरता नक्की समजा. म्हणून ताप उतरल्यावर दोन-तीन आठवड्यांनी सीबीसीसोबत (रक्तपेशी आणि हिमोग्लोबिनची नेहमीची तपासणी) ते करावं का, हे डॉक्टरांना जरूर विचारा. मूल दिवसभर दुधावरच असेल आणि वरण-भात, नाचणी, पालेभाजी टाळत असेल, तर नक्कीच.

पुन्हा झटका येईल का, हे मात्र एकाही चाचणीतून ठरत नाही. साधारण तिघांपैकी एकाला येतो. पहिला झटका दीड वर्षाच्या आत आला असेल किंवा आईवडिलांना लहानपणी येत असेल तर शक्यता जास्त. पावसाळ्यात पुण्यात डेंग्यूसाठी रक्त तपासतात, ते तापाचं कारण शोधायला; ती वेगळी गोष्ट.

आणि कळकळीने सांगते, झटक्यात कांदा, चप्पल हुंगवू नका, तोंडात चमचा घालू नका. कुशीवर वळवा, घड्याळ बघा. पाच मिनिटं झाली की १०८.