गाडी डावीकडे झुकतेय? आधी स्प्रिंग बघा
दोन्ही शॉकअप बदलूनही गाडी मागून डावीकडे बसलेलीच आहे म्हणताय, पण अहो गाडीचं वजन स्प्रिंग पेलते, शॉकअप फक्त उसळी आवरतो. आधी चारही टायरची हवा बघा, मग सोसायटीच्या सपाट पार्किंगमधे रिकामी गाडी लावून प्रत्येक चाकाच्या मध्यापासून वर फेंडरच्या, म्हणजे चाकावरच्या पत्र्याच्या, कडेपर्यंत टेपने मोजा. मागचं डावं कमी भरलं की गाडी स्टँडवर नीट टेकवून चाक काढा आणि टॉर्च मारून स्प्रिंगचा सगळ्यात खालचा वेढा बघा, बरेचदा तिथलाच तुकडा पडलेला असतो आणि चिखलामुळे पटकन दिसत नाही. स्प्रिंग जोडीनेच बदला, पुण्यात नाना पेठेत स्पेअर पार्टच्या दुकानांत चौकशी करा. तोवर प्लीज कात्रज घाटात नेऊ नका, तुटलेलं टोक टायर फाडू शकतं.